परदेशगमनाची अलिखित किंमत

(मिठबाव, जि. सिंधुदुर्ग येथे तरुण व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



गजबादेवीच्या टेकडीवर उभे राहून पश्चिमेकडे पाहिले की समोर केवळ पाणी दिसते. त्या पाण्यापलीकडे अरबस्तानचा किनारा आहे. कोकणातील माणसाला हा समुद्र कधी परका वाटला नाही. गलबतांवर, आगबोटींवर आणि पुढे मोठ्या व्यापारी जहाजांवर या किनाऱ्यावरची माणसे पिढ्यानुपिढ्या गेली. त्यामुळे घराबाहेर पडणे हा दोष आहे, असे या भूमीत कोणी म्हणणार नाही. उद्योग शोधीत दूर जाणे हा पुरुषार्थच आहे. प्रश्न वेगळा आहे. जाणारा माणूस मिळकतीचा हिशेब मांडून जातो. खर्चाचा हिशेब मात्र अर्धाच मांडलेला असतो. उरलेला अर्धा हिशेब कोठेही लिहिलेला नसतो आणि तो बहुधा त्याच्या मागे राहिलेल्या घराला फेडावा लागतो. आजच्या व्याख्यानाचा विषय तो अलिखित अर्धा भाग हा आहे.

मनीऑर्डरीचा वारसा

सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 रोजी स्वतंत्र झाला. त्यापूर्वी तो रत्नागिरीचा दक्षिण भाग होता आणि या साऱ्या प्रदेशाची ओळख ‘मनीऑर्डरीवर चालणारा मुलूख’ अशीच होती. मुंबईच्या गिरण्या, गोदी आणि कचेऱ्या कोकणच्या मनुष्यबळावर उभ्या राहिल्या. 1982 च्या गिरणी संपानंतर त्या आधाराला तडा गेला. त्याच्या अगोदरच, 1973 नंतर तेलाच्या किमती भडकल्याने आखाती देशांत बांधकामाचे पर्व सुरू झाले होते. मुंबईचा चाकरमानी दुबई, मस्कत, कुवेत अशी नावे घेऊ लागला, तो या काळात.

या स्थलांतराची खूण शिरगणतीत स्वच्छ उमटलेली आहे. 2001 साली सिंधुदुर्गची लोकसंख्या 8,68,825 होती. 2011 साली ती 8,49,651 झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा आकसला. 2011 च्या गणनेत येथे दर हजार पुरुषांमागे 1,036 स्त्रिया आढळल्या. हा आकडा ऐकून स्त्रीजन्माचे स्वागत होते म्हणून कोणी समाधान मानील. परंतु त्याचा मोठा अर्थ एवढाच आहे की कर्ते पुरुष घरी नाहीत. ज्या घरात आजारी सासऱ्याला दवाखान्यात नेणे, कलमांना फवारणी करणे, तलाठ्याकडे खेपा घालणे आणि मुलांचा अभ्यास घेणे ही चारही कामे एकाच स्त्रीच्या अंगावर पडतात, त्या घराने परदेशातून आलेल्या प्रत्येक रुपयाची किंमत आधीच मोजलेली असते.

आणि रुपया येतो, हे खरेच आहे. रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार 2023-24 या वर्षात परदेशस्थ भारतीयांनी सुमारे 118.7 अब्ज डॉलर मायदेशी पाठविले आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा 20.5 टक्के, म्हणजे सर्व राज्यांत पहिला होता. राष्ट्राच्या तिजोरीला या पैशाचा आधार आहे. म्हणूनच तो मिळविणाऱ्याच्या पदरात नेमके काय पडते, हे पाहणे हे समाजाचेही कर्तव्य ठरते.

चाळीस हजारांची गोष्ट

एक काल्पनिक पण व्यवहारी उदाहरण घ्यावे. एका तरुणाला आखातात दरमहा 40 हजार रुपयांच्या बरोबरीचा पगार सांगण्यात आला. करार दोन वर्षांचा. गावात चर्चा होते ती या 40 हजारांची. दोन वर्षांचे होतात 9 लाख 60 हजार.

आता वजाबाकी सुरू करावी. जेवणखाण, फोन आणि किरकोळ खर्च काटकसरीने धरला तरी महिना 10 हजार. दोन वर्षांचे 2 लाख 40 हजार. जाण्यासाठी दीड लाखाचे खाजगी कर्ज काढले, दरमहा शेकडा 3 रुपये व्याजाने. दरमहा 10 हजार मुद्दल फेडली तर कर्ज फिटायला पंधरा महिने लागतात आणि व्याज होते 36 हजार. मुद्दल-व्याज मिळून 1 लाख 86 हजार. सुट्टीवर येताना नातेवाइकांसाठी भेटवस्तू, येण्याजाण्याचा वरखर्च असे 60 हजार. राहिले 4 लाख 74 हजार.

येथेच बहुतेकांचा हिशेब संपतो. परंतु हा मुलगा घरी असताना जी कामे करीत होता, ती आता मजुरी देऊन करून घ्यावी लागतात. बागेची साफसफाई, कौले परतणे, आईवडिलांसाठी भाड्याची रिक्षा. त्याचे महिना 4 हजार धरले तर 96 हजार. शिल्लक 3 लाख 78 हजार. म्हणजे दरमहा 15,750 रुपये.

चाळीस हजारांचे पंधरा हजार सातशे पन्नास झाले. याचा अर्थ जाऊ नये, असा नव्हे. जेथे हाताला कामच नाही तेथे ही रक्कमही मोठी आहे. परंतु निर्णय घ्यायचा तो 15,750 या आकड्यावर, 40 हजारांवर नव्हे. कर्ज दीडऐवजी तीन लाखांचे असेल किंवा सांगितलेला पगार प्रत्यक्षात मिळालाच नाही, तर हाही आकडा उरत नाही.

कागदावरचे संरक्षण

दलालाने किती रक्कम घ्यावी, याला कायद्याची मर्यादा आहे. 1983 च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदणी झालेल्या भरती एजंटाला सेवाशुल्क म्हणून 30 हजार रुपये आणि त्यावरील कर एवढेच घेता येतात. त्याची पावती देणे बंधनकारक आहे. त्याहून अधिक मागणारा, पावती नाकारणारा किंवा नोंदणी क्रमांक न दाखविणारा माणूस कितीही ओळखीचा असला तरी त्याच्यापासून दूर राहावे.

दहावी न झालेल्या व्यक्तीच्या पारपत्रावर उत्प्रवासन तपासणी आवश्यक असल्याचा शेरा असतो आणि आखाती देशांसह 18 देशांत नोकरीसाठी जाताना तिला उत्प्रवासन संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते. या वर्गासाठी प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांसाठी 275 किंवा तीन वर्षांसाठी 375 रुपये हप्ता व त्यावरील कर भरला की अपघाती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वासाठी 10 लाखांचे संरक्षण मिळते.

येथे एक विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. सिंधुदुर्गात शिक्षणाचे प्रमाण उत्तम. येथला मुलगा दहावी, बारावी झालेलाच असतो; त्याच्या पारपत्रावर तो शेरा नसतो आणि त्याचा त्याला अभिमान वाटतो. परंतु त्यामुळेच सरकारी तपासणी आणि सक्तीचा विमा या दोन्ही गोष्टी त्याच्या वाट्याला येत नाहीत. शिकलेल्याने स्वतःचे रक्षण स्वतः करावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. ती पूर्ण करण्याइतकी माहिती त्याला कोणी दिलेली असते काय?

दुसरा फसवा मार्ग ‘भेटीच्या व्हिसा’चा. ‘आधी जा, तिकडे गेल्यावर कामाचा व्हिसा करू’ असे सांगून पाठविलेला माणूस तेथे उतरताक्षणी बेकायदा कामगार ठरू शकतो. मग पगार थकला तरी तक्रार करायची कोणत्या तोंडाने?

करारातील ‘मूळ वेतन’ आणि ‘भत्ते’ यांची फोडही अशीच दुर्लक्षित राहते. संयुक्त अरब अमिरातीत नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी 21 दिवसांच्या आणि पुढे 30 दिवसांच्या वेतनाइतकी असते. परंतु ती मोजतात मूळ वेतनावर. चाळीसपैकी मूळ वेतन अठरा हजारच असेल, तर म्हातारपणाची पुंजीही अठरा हजारांच्या मापानेच मिळणार. तेथे निवृत्तिवेतन नाही आणि परकीय कामगाराला बहुतांशी नागरिकत्वही नाही. वीस वर्षे राहिलेला माणूससुद्धा अखेरपर्यंत पाहुणाच असतो.

संकट आले की

2 ऑगस्ट 1990 रोजी इराकने कुवेतवर आक्रमण केले. तेथील भारतीयांची बचत ज्या दिनारात होती, तो दिनार काही दिवसांत कवडीमोल झाला. अम्मानमार्गे एअर इंडियाने सुमारे 1 लाख 70 हजार भारतीयांना सुमारे दोन महिन्यांत मायदेशी आणले. जगाच्या इतिहासातील ती एक अपूर्व कामगिरी होती आणि भारताला तिचा अभिमान आहे. परंतु सुटका झालेला माणूस घरी उतरला तो बहुधा एका पिशवीनिशी. नुकसानभरपाई पुढे मिळाली, पण त्यासाठी अनेकांना वर्षानुवर्षे थांबावे लागले.

12 जून 2024 रोजी कुवेतमधील मंगफ येथे कामगारांच्या निवासी इमारतीला आग लागली. 45 भारतीयांचे मृतदेह भारतीय वायुदलाच्या विमानाने परत आणावे लागले. त्यांचा मृत्यू यंत्रावर झाला नाही, परांचीवरून पडूनही झाला नाही. झोपायच्या जागेत झाला. करारात पगार, तास, रजा सगळे असते. कोठे झोपणार, एका खोलीत किती जण, बाहेर पडायला दुसरा जिना आहे का, हे कोणी विचारीत नाही. विचारले पाहिजे.

पश्चिमेकडची वाट

अमेरिका किंवा युरोपकडे जाणारा अभियंता या साऱ्यातून सुटला, असे समजण्याचे कारण नाही. त्याचा छुपा खर्च वेगळ्या नावाने येतो. अमेरिकेत काम करणाऱ्याच्या वेतनातून सामाजिक सुरक्षेसाठी 6.2 टक्के कपात होते; परंतु निवृत्तिवेतनाचा हक्क साधारण दहा वर्षे काम केल्यावरच निर्माण होतो. भारत आणि अमेरिका यांच्यात याविषयी परस्पर करार झालेला नाही. म्हणून आठ वर्षांनी परतणाऱ्याचे ते पैसे तेथेच राहतात. कायम वास्तव्याच्या परवान्यात प्रत्येक देशाला 7 टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग अनेक वर्षांची आहे. त्या रांगेत आईवडिलांसोबत गेलेली मुले एकवीस वर्षांची होतात आणि कुटुंबाच्या अर्जातून त्यांचे नाव गळते. सप्टेंबर 2025 मध्ये एच-1बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर 1 लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, तेव्हा एका रात्रीत किती घरांचे बेत ढासळले, हे सर्वांनी पाहिले. दुसऱ्याच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचे भवितव्य त्या घरच्या धन्याच्या मर्जीवर असते. विद्वत्ता कितीही असली तरी हा नियम बदलत नाही.

सातबारा आणि नागरिकत्व

मिठबावसारख्या गावाला सर्वांत जवळून भिडणारा प्रश्न जमिनीचा आहे. भारतीय राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार परकीय नागरिकत्व घेतले की भारताचे नागरिकत्व संपते. 2022 या एका वर्षात 2,25,620 भारतीयांनी ते सोडले. शेजारच्या गोव्यात 19 डिसेंबर 1961 पूर्वी जन्मलेल्यांच्या वंशजांना पोर्तुगालमध्ये नोंदणी करून तेथील पारपत्र मिळविता येते. ब्रिटन युरोपीय संघात असताना अनेक तरुण त्या वाटेने लंडनला पोचले. पुढे ब्रिटन संघाबाहेर पडले आणि नव्याने जाणाऱ्यांची वाट बंद झाली. भारताचे नागरिकत्व मात्र आधीच हातचे गेले होते.

परदेशस्थ भारतीय नागरिकत्व अर्थात ‘ओसीआय’ कार्डाला नाव नागरिकत्वाचे असले तरी त्याने मतदानाचा अधिकार मिळत नाही. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखालील नियमांनुसार अनिवासी भारतीयाला किंवा ओसीआय कार्डधारकाला शेतजमीन, मळा वा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारसाहक्काने ते मिळू शकते. विकायचे झाल्यास भारतात राहणाऱ्या भारतीयालाच विकावे लागते. ज्याच्या आजोबांनी कातळ फोडून, सुरुंग लावून, माती वाहून हापूसची कलमे जगविली, त्याला शेजारची चार गुंठे जमीन विकत घेण्याचा हक्क राहात नाही. परदेशी पैसा मिळवून गावात बाग वाढवू, हे स्वप्न घेऊन निघालेल्यांपैकी कितीजणांना हे ठाऊक असते?

जमीन विकत घेणे दूर राहिले, असलेली सांभाळणेही कठीण होते. कोकणात एकेका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस सहहिस्सेदारांची नावे असतात. त्यातला एक मस्कतला, दुसरा न्यू जर्सीला. वाटप, कर्ज किंवा दुरुस्ती, कशालाही सर्वांच्या सह्या हव्यात. परदेशातून मुखत्यारपत्र पाठवायचे तर ते तेथील भारतीय वकिलातीत साक्षांकित करावे लागते आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. एक सही अडते आणि घराची भिंत खचत राहते.

देवगड-मिठबावच्या बागांमध्ये फिरताना आणखी एक दृश्य दिसते. हापूसच्या राखणीला आणि मशागतीला नेपाळहून आलेले कामगार असतात. मिठबावचा मुलगा आखातात दुसऱ्याची इमारत राखतो, मिठबावची बाग नेपाळचा मुलगा राखतो आणि त्या नेपाळी मुलाचे शेत डोंगरात ओस पडते. 2018 साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. नाव भूमीचे झाले. पण त्या भूमीत हात घालणारा भूमिपुत्र किती बागांत उरला आहे?

चवथ आणि भाषा

पैशात न मावणारी किंमत अखेरीस उरतेच. 1998 साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि मुंबईच्या चाकरमान्याला चवथीला घरी येणे सोपे झाले. दोहा किंवा दम्माममधील माणसाला दोन वर्षांतून एकदा मिळणारी रजा चवथीलाच येईल, याची शाश्वती नाही. घरातला गणपती कोणी आणायचा, गावऱ्हाटीतील मान कोणी चालवायचा, जत्रेतील दशावताराची व्यवस्था कोणी पाहायची, हे प्रश्न मग पुढच्या पिढीपर्यंत पोचतच नाहीत. वडिलांच्या निधनाची वार्ता फोनवर ऐकून, मालकाची परवानगी आणि तिकीट मिळेपर्यंत तेराव्याला पोचणारे मुलगे कोकणात कमी नाहीत. त्याची भरपाई कोणत्या चलनात होते?

याचे फार लांबचे टोक पाहायचे तर मॉरिशसकडे पाहावे. 1834 ते 1920 या काळात सुमारे साडेचार लाखांहून अधिक भारतीय मजूर करारबद्ध होऊन त्या बेटावर नेले गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले मराठी लोकही होते, कोकणातलेही. करारात वेतन लिहिलेले होते. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाईल, हा ‘दुहेरी कपाती’चा फास मजुराला कळला तो तेथे गेल्यावर. नोंदणी करणाऱ्या कारकुनाने माणसाचे पाळण्यातले नाव लिहिले, ते पुढे वंशाचे आडनाव झाले. मूळ आडनाव आणि गाव अनेकांचे हरवले. तेथील मराठी बांधवांनी गणेशोत्सव जिवापाड जपला, इतका की त्या देशात गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. ही तपश्चर्या वंदनीय आहे. परंतु बहुतेक घरांत बोलण्याची भाषा क्रिओल झाली आणि मराठी शाळेत विषय म्हणून शिकावी लागू लागली. श्रद्धा टिकली, भाषेला मात्र घराबाहेर पडावे लागले. ज्यांनी करारावर अंगठा उठविला, त्यांच्यापैकी एकालाही ही अट वाचून दाखविलेली नव्हती.

निर्णयापूर्वीचे प्रश्न

म्हणून जाणाऱ्याने आणि त्याला पाठविणाऱ्या घराने एकत्र बसून काही प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. एजंट नोंदणीकृत आहे का आणि पावती मिळाली का? व्हिसा कामाचा आहे की भेटीचा? मूळ वेतन किती, भत्ते किती? राहण्याची जागा कशी? सक्ती नसली तरी विमा उतरविला आहे का? कर्ज किती महिन्यांत फिटेल? किती वर्षांनी परत यायचे आणि परतल्यावर काय करायचे? मागे आईवडिलांकडे कोण पाहणार आणि सातबाऱ्याचे काम निघण्यापूर्वी पुरे झाले आहे का? यातील शेवटचे तीन प्रश्न कोणताही एजंट विचारणार नाही. ते घरानेच विचारायचे आहेत.

काही प्रश्न गावाचेही आहेत. परदेशी असलेल्या प्रत्येकाचे नाव, देश, कंपनी आणि पारपत्र क्रमांक यांची नोंदवही गावातील एखाद्या विश्वासू व्यक्तीकडे असावी. संकटकाळी वकिलातीशी संपर्क साधताना तीच पहिली उपयोगी पडते. भारतीय वकिलातींकडे 2009 पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. अडकलेल्या कामगाराला परत आणणे, मृतदेह मायदेशी पाठविणे यांसाठी त्यातून साहाय्य मिळू शकते, हे प्रत्येक घराला ठाऊक असावे. ज्या घरात केवळ वृद्ध राहिले आहेत, त्या घराची आठवड्यातून एकदा चौकशी करण्याची पाळी वाडीतील तरुणांनी लावून घ्यावी. याला निधी लागत नाही. आपलेपणा लागतो.

परत येणाऱ्याचे स्वागत हे तर गावाचे सर्वांत मोठे काम. दहा वर्षे वातानुकूलनाची यंत्रे दुरुस्त करून आलेला, मोठ्या स्वयंपाकघरात शिस्तीने काम केलेला किंवा जहाजावर इंजिन सांभाळलेला माणूस हा गावाचा ठेवा आहे. ‘काय मिळवून आणलेस?’ या एका प्रश्नाने त्याला तोलले जाते आणि ती धास्ती घेऊन कित्येकजण झेपत नसतानाही तिकडेच राहतात. त्याऐवजी ‘काय शिकून आलास?’ असे विचारले, तर आंबा प्रक्रिया, शीतगृह, पर्यटन, मासळीची साठवण अशा उद्योगांना लागणारे हात घरचेच मिळतील.

समुद्र ओलांडण्यास कोणाचीही हरकत असू नये. मात्र ओलांडण्यापूर्वी किमतीचा पूर्ण कागद डोळ्यांखालून गेला पाहिजे, त्यातील न लिहिलेल्या ओळींसकट. तो वाचून जो जाईल त्याला गावाने आनंदाने निरोप द्यावा. तो वाचून जो थांबेल त्याला कोणी भित्रा म्हणू नये. आणि जो परत येईल, त्याच्यासाठी घराची एक किल्ली शेजाऱ्याकडे तयार असावी.